ग्रँड कॅन्यन बसने पाहताना: जाण्याचे थांबे निराळे, येण्याचे निराळे

काका, सप्रेम नमस्कार. भुसावळहून आलेल्या आपल्या पत्राचा आशय असा आहे: ऑक्टोबरच्या मध्यात आपण आणि काकू फिनिक्सला लेकीकडे असाल, जावई एका गुरुवारी सकाळी आपणा दोघांना ग्रँड कॅन्यनला सोडून कामासाठी फ्लॅगस्टाफला जातील आणि शनिवारी सकाळी न्यायला येतील. मधले दोन दिवस गाडी नसेल, काकूंचे गुडघे दुखतात आणि दोघांनाही इंग्रजी बोलण्याची सवय नाही, तेव्हा ते दोन दिवस खोलीच्या खिडकीतून दरी पाहण्यातच जातील का, अशी आपली शंका आहे.

तसे होणार नाही. जळगाव, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव या भागांतील मंडळींना घेऊन मी अनेकदा तेथे गेलो आहे आणि त्यांत साठीच्या पुढचे लोकच जास्त असतात. माझा अनुभव असा आहे की दरीच्या दक्षिण कड्यावर स्वतःची गाडी चालवणाऱ्यापेक्षा तेथील राष्ट्रीय उद्यानाच्या बसने फिरणारा माणूस दरी अधिक पाहतो, कारण त्याचा वेळ पार्किंगची जागा शोधण्यात जात नाही आणि सर्वांत सुंदर रस्त्यावर तर वर्षातील नऊ महिने खासगी गाड्यांना मज्जावच असतो. मात्र त्या बसचे एक तंत्र आहे. ते आधी नीट समजून घेतले पाहिजे, आणि हे उत्तर मी मुख्यतः त्यासाठीच सविस्तर लिहीत आहे.

प्रथम जागेचा अंदाज घ्या. ही दरी ४४६ किलोमीटर लांब आहे, म्हणजे रेल्वेने भुसावळ ते मुंबई जितके अंतर, जवळजवळ तितकी. खोली सुमारे १.६ किलोमीटर आणि रुंदी काही ठिकाणी २९ किलोमीटर. इतकी मोठी दरी कोणतीही बस पूर्ण दाखवू शकत नाही. उद्यानाची बस दक्षिण कड्यावरील ग्रँड कॅन्यन व्हिलेज या वस्तीच्या आसपासचा भाग तेवढा फिरवते, आणि दोन दिवसांसाठी तो पुरेसा आहे. उत्तर कडा समोर दिसतो, पण रस्त्याने तेथे पोहोचायला साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास वळसा घालावा लागतो. तो विषय या वेळी मनातून काढून टाकावा.

आपल्याकडे अजिंठ्याला जाताना फर्दापूरच्या टी-पॉइंटवर गाडी ठेवून एसटीच्या बसने लेण्यांपर्यंतचे चार किलोमीटर जावे लागते, तो प्रकार आपल्या परिचयाचा आहेच. हेतू दोन्हीकडे सारखाच आहे, धूर आणि गर्दी मूळ ठेव्यापासून दूर ठेवणे. फरक असा की फर्दापूरची बस दोन टोकांमध्ये सरळ जाते आणि सरळ येते, तर येथे रंगांनी ओळखले जाणारे वेगवेगळे मार्ग आहेत आणि एका मार्गावरून दुसऱ्यावर जायला बस बदलावी लागते. तिकीट मात्र नाही. उद्यानाचे प्रवेशशुल्क एकदा फाटकावर भरले की बसमध्ये कोणी काही विचारत नाही, त्यामुळे वाहकाशी इंग्रजीत बोलण्याचा प्रसंगच येत नाही. बसच्या कपाळावर मार्गाचे नाव असते, चालक प्रत्येक थांब्याचे नाव पुकारतो, आणि थांब्यावरील फलकावर नकाशा व पहिल्या-शेवटच्या बसच्या वेळा लावलेल्या असतात.

निळा मार्ग व्हिलेजचा. निवासस्थाने, भोजनालये, दुकाने, रेल्वे स्थानक आणि व्हिजिटर सेंटर यांना तो जोडतो. पाहण्यासाठी नव्हे, पोहोचण्यासाठी तो वापरायचा. नारिंगी मार्ग व्हिजिटर सेंटरपासून एका बाजूला माथर पॉइंट व यावापाई भूशास्त्र संग्रहालयाकडे आणि दुसऱ्या बाजूला साउथ कायबाब पायवाटेच्या मुखाकडे व याकी पॉइंटकडे जातो. याकी पॉइंटला खासगी गाडी वर्षभर जाऊ शकत नाही. तुसायान या बाहेरच्या गावातून येणारा एक जांभळा मार्गही आहे, पण तो ठरावीक हंगामापुरता असल्याने ऑक्टोबरात त्याच्या भरवशावर राहू नका आणि मुक्काम उद्यानाच्या आतच घ्या. आतील खोल्या कित्येक महिने आधी भरतात, म्हणून लेकीला आजच आरक्षण पाहायला सांगा. शक्य झाल्यास ब्राइट एंजल लॉज किंवा त्याच्या शेजारचे एखादे निवासस्थान घ्यावे, कारण लाल बस तेथून हाकेच्या अंतरावर सुटते.

आता लाल मार्ग. दक्षिण कड्याचे खरे वैभव याच रस्त्यावर आहे. हर्मिट रोड नावाचा हा रस्ता कड्याच्या काठाकाठाने सुमारे ११ किलोमीटर पश्चिमेला जातो आणि हर्मिट्स रेस्ट येथे संपतो. १ मार्च ते ३० नोव्हेंबर या काळात त्यावर खासगी वाहने बंद असतात आणि बसच धावते. हिवाळ्याचे तीन महिने उलटे असते, म्हणजे गाड्या जातात आणि बस नसते. आपण ऑक्टोबरात जात असल्याने ही बस आपल्याला मिळेलच. कोठेही न उतरता बसून राहिल्यास जाऊन येण्यास सुमारे ८० मिनिटे लागतात.

आपण उभा जन्म रेल्वेत काढला, म्हणून आपल्याच भाषेत सांगतो. ही लाल बस जाताना पॅसेंजर असते आणि येताना एक्स्प्रेस. जाताना ती ट्रेलव्ह्यू, मॅरिकोपा, पॉवेल, होपी, मोहावी, अबिस, मॉन्युमेंट क्रीक आणि पिमा अशा सर्व ठिकाणी थांबून हर्मिट्स रेस्टला पोहोचते. परतताना फक्त पिमा, मोहावी आणि पॉवेल या तीनच ठिकाणी थांबते. जो प्रवासी होपी पॉइंटला उतरून रस्त्याच्या पलीकडे परतीच्या बसची वाट पाहत उभा राहील, त्याच्यासमोरून बस निघून जाईल. चालक माणुसकी सोडून वागतो असे नाही, तेथे त्याचा थांबाच नाही.

हे मला माझ्या पहिल्याच फेरीत कळायला हवे होते, पण कळले ते दिवस मावळल्यावर. चौदा जणांना घेऊन मी होपी पॉइंटला सूर्यास्त दाखवला. सूर्यास्तासाठी सर्वांत गाजलेली जागा तीच. सूर्य गेला, दरीतील लाल रंग काही मिनिटांत राखाडी झाला, आणि आम्ही सर्वजण व्हिलेजकडे जाणाऱ्या बाजूला जाऊन ओळीने उभे राहिलो. पहिली बस दिव्यांचा झोत टाकत आली आणि न थांबता गेली. भरली असेल, असे मी सर्वांना सांगितले. दुसरी बस आली, तिच्यात रिकाम्या जागा स्पष्ट दिसत होत्या, आणि तीही गेली. वारा सुटला होता. अमळनेरच्या एका आजींनी नऊवारीचा पदर दोन्ही कानांवरून घट्ट ओढून घेतला होता आणि त्यांची बोटे माझ्या हातात लाकडासारखी लागत होती. तेव्हा मी विजेरी लावून खिशातील नकाशा प्रथमच नीट वाचला. पॉवेल पॉइंट तेथून अवघा अर्धा किलोमीटर होता. अंधारात एकमेकांचे हात धरून, कड्यापासून आत राहून, आम्ही तेवढे चाललो आणि तेथे तिसरी बस थांबली. कोणाला इजा झाली नाही, पण त्या दिवसापासून मी प्रत्येक प्रवाशाकडून परतीचे तीन थांबे तोंडपाठ करून घेतो. आपणही करावेत: पिमा, मोहावी, पॉवेल.

यातूनच दिवस आखण्याची रीत निघते. जी ठिकाणे फक्त जातानाच लागतात ती जाताना पाहून घ्यायची आणि दोन्हीकडून लागणारी तीन परतीसाठी राखून ठेवायची. प्रत्येक ठिकाणी उतरण्याचा मोह टाळावा. दिवसा बस १० ते १५ मिनिटांनी मिळते हे खरे, परंतु नऊ ठिकाणी उतरलो तर नऊ वेळा वाट पाहणे, नऊ वेळा पायरी चढणे-उतरणे आले, आणि काकूंच्या गुडघ्यांना दरीपेक्षा तीच पायरी जड जाईल.

शुक्रवार पूर्ण लाल मार्गाला द्या. सकाळी आठच्या सुमारास निघा, त्या वेळी ऊन तिरपे असते आणि दरीतील प्रत्येक सुळक्याची सावली वेगळी दिसते. जाताना पहिल्यांदा होपी पॉइंटला उतरा. सकाळी तेथे गर्दी नसते आणि स्वच्छतागृहही आहे. अर्ध्या तासाने पुढची बस घेऊन अबिसला उतरा. तेथे कडा जवळजवळ सरळ खाली तुटलेला आहे, तोरणमाळच्या सीताखाईच्या काठावर उभे राहिल्यावर पोटात जसे होते तसे येथे होते. दरी मात्र कितीतरी खोल आहे, म्हणून कठडा नसेल तेथे काठापासून दोन-तीन पावले मागेच उभे राहा. मग थेट हर्मिट्स रेस्ट गाठा. दगडात बांधलेली ती विश्रामाची जागा मेरी कोल्टर या महिला वास्तुरचनाकाराने १९१४ मध्ये उभी केली. आत भली मोठी शेकोटी आहे, बाहेर खाण्याचे लहान दुकान, स्वच्छतागृह आणि पिण्याच्या पाण्याचा नळ. त्या संपूर्ण रस्त्यावर पाणी मिळते ते येथेच, म्हणून निघतानाच बाटल्या भरून घ्याव्यात.

सोबत लेकीकडून दशम्या आणि कोरडी चटणी घ्या. बसमध्ये खाणे चालत नाही, तेव्हा दुपारचे जेवण हर्मिट्स रेस्टच्या बाकावर करावे. खारी जवळ येतील. त्यांना कण देखील घालू नका, त्या चावतात आणि त्या उद्यानात खारीने चावा घेणे ही नेहमीची दुखापत आहे.

परतताना पिमा पॉइंटला उतरा आणि तेथे काही वेळ अगदी गप्प बसा. खाली दीड किलोमीटरवर कोलोरॅडो नदीचा एक तुकडा दिसतो, आणि वारा पडलेला असेल तर खडकांवरून उसळणाऱ्या पाण्याची घरघर कानावर येते. ज्या नदीने ही दरी कोरली तिचा आवाज वर कड्यावर ऐकू यावा, ही माझ्या मते त्या संपूर्ण रस्त्यावरची सर्वांत मोलाची गोष्ट आहे, आणि बहुतेक लोक छायाचित्र काढून पाच मिनिटांत निघून जातात.

पायांत बळ असेल तर आपण एकट्याने पिमाहून हर्मिट्स रेस्टकडे जाणाऱ्या डांबरी पायवाटेवर थोडे फिरून या, काकू बाकावर बसतील. दुपार फार लांबली असे वाटल्यास बस पकडून खोलीवर जाऊन तासभर पडावे आणि पुन्हा लाल बस धरून संध्याकाळी मोहावी पॉइंटला यावे. सूर्यास्त तेथेच पाहा, होपीला नव्हे. देखावा तोडीस तोड आहे आणि परतीची बस दारात थांबते. ऑक्टोबरच्या मध्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मावळताक्षणी सगळे लोक एकदम थांब्याकडे धावतात, पहिली बस गच्च भरते. अशा वेळी शेवटच्या बसची वेळ फलकावर आधी वाचून ठेवलेली असेल तर माणूस निर्धास्तपणे दुसऱ्या बसपर्यंत थांबू शकतो, आणि त्या वीस मिनिटांत पश्चिमेचा रंग उतरताना दरी जशी दिसते ती गर्दीला दिसत नाही.

काही बारीक गोष्टी, ज्या नकाशावर नसतात. तेथे वाहने उजवीकडून चालतात आणि बसचे दार उजव्या अंगाला उघडते. आपल्या लोकांचे पाय सवयीने डाव्या बाजूला वळतात, म्हणून रस्ता ओलांडण्यापूर्वी आधी डावीकडे पाहा आणि थांब्याचा खांब दिसल्याखेरीज उभे राहू नका. काकूंनी दाराशी आल्यावर चालकाकडे पाहून गुडघ्याला हात लावून दाखवला तरी पुरे. तो एक कळ दाबतो, हवा सुटल्याचा आवाज होतो आणि बसचा पुढचा कोपरा खाली येतो, बैलाने जू घेण्यासाठी मान खाली घालावी तसा. मग पायरी वीतभरच राहते. गरज पडल्यास उतरती फळीही टाकतात आणि चाकाची खुर्ची आत घेतात. पुढच्या जागा वयस्कर आणि अपंग व्यक्तींसाठी असतात, तेथे संकोच न करता बसावे.

ज्यांच्यासोबत गाडी आहे आणि ज्यांना बसमध्ये चढणे-उतरणे अगदीच शक्य नाही, त्यांना हर्मिट रोडवर आपली गाडी नेण्याचा परवाना उद्यान विनामूल्य देते. प्रवेशाच्या फाटकावर किंवा व्हिजिटर सेंटरमध्ये तो मागता येतो. आपल्याला तो लागणार नाही, पण गुरुवारी आत शिरताना जावयांनी त्याविषयी विचारून ठेवावे. शनिवारी काकूंना पुन्हा एखादा पॉइंट पाहावासा वाटला तर उपयोगी पडेल.

गुरुवारचा दिवस मुद्दाम हलका ठेवा. फिनिक्सहून पहाटे पाचला निघालात तर साडेतीन-चार तासांत पोहोचाल, पण आपले भुसावळ समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर आणि हा कडा सुमारे २,१०० मीटरवर, म्हणजे तोरणमाळच्या जवळपास दुप्पट उंचीवर आहे. हवा विरळ आणि कोरडी असते, चार पावलांत धाप लागते, घाम येतो तो लगेच सुकतो आणि तहान कळत नाही. पहिल्या दिवशी लांब चालू नका, थोडे थोडे पाणी पीत राहा, रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घ्या. गाडी व्हिजिटर सेंटरजवळ थांबवून जावई निघून जातील, तेथून माथर पॉइंट चालत पाच मिनिटांवर आहे. दरीचे पहिले दर्शन तेथे घ्या आणि नारिंगी बसने यावापाई संग्रहालयात या. मोठ्या काचांमागे बसून दरी पाहता येते, आत थंडी-वारा नाही.

संग्रहालयाच्या बाहेरून काठाकाठाने व्हिलेजकडे जाणारी एक पायवाट सुरू होते, तिला ट्रेल ऑफ टाइम म्हणतात. जमिनीत पितळी खुणा बसवल्या आहेत आणि प्रत्येक मीटर म्हणजे दहा लाख वर्षे. पूर्ण वाट दोन किलोमीटरची आहे. ती पूर्ण चालण्याचा आग्रह नाही, परंतु ६६ मीटर तरी काकूंना सोबत घेऊन चालाच. आपल्या खानदेशचा काळा पाषाण, ज्यात अजिंठ्याची लेणी कोरली आहेत, तो लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ओतला गेला, म्हणजे त्या वाटेवर आपला खडक ६६ मीटरवर येतो. आपण पायांखाली ज्यावर उभे आहात तो कड्याचा माथ्यावरचा चुनखडक सुरुवातीपासून २७० मीटरवर, आणि दरीच्या तळाशी नदीजवळ दिसणारा काळपट खडक त्याच्याही कितीतरी पुढे, १,७०० मीटरच्या पलीकडे. मी आजवर नेलेल्या मंडळींपैकी अनेकांना दरीचे वय आकड्यांत सांगून उमगले नव्हते, ते त्या ६६ मीटरांनंतर मागे वळून पुढची वाट पाहताच उमगले. तेथून संग्रहालयाकडे परत या आणि नारिंगी बसने व्हिजिटर सेंटर, मग निळ्या बसने खोली, असे जावे. बॅगा जवळ असतील तर मात्र आधी खोली गाठून त्या ठेवून मगच फिरायला निघा, बसमध्ये मोठे सामान घेऊन उभे राहणे कठीण जाते.

आपल्याला रेल्वेची ओढ असणार, म्हणून एक सांगतो. विल्यम्स या गावाहून एक प्रवासी गाडी १९०१ पासूनच्या लोहमार्गाने थेट व्हिलेजमध्ये येते, दुपारच्या आधी पोहोचते आणि दुपारनंतर परत निघते. निळ्या बसच्या मार्गावर ते लाकडी ओंडक्यांचे जुने स्थानक आहे. गुरुवारी दुपारी त्या स्थानकावर गेलात तर गाडी फलाटावर उभी दिसेल.

बसने न जाता येणारी एक मोठी गोष्ट राहते, ती म्हणजे पूर्वेकडचा डेझर्ट व्ह्यू रस्ता. सुमारे ४० किलोमीटरच्या त्या रस्त्यावर उद्यानाची बस नाही, पैसे देऊन जाण्याच्या सहली आहेत, पण आपल्याला त्यांची गरज नाही. शनिवारी जावयांनी आपल्याला घेतल्यावर आल्या वाटेने न परतता त्याच रस्त्याने पूर्वेला निघावे. वाटेत ग्रँडव्ह्यू, मोरान, लिपान ही ठिकाणे गाडीतून उतरून दोन-चार पावलांत दिसतात आणि शेवटी मेरी कोल्टर यांनीच १९३२ मध्ये बांधलेला दगडी मनोरा लागतो. तेथून नदी लांबवर वळण घेताना दिसते. पुढे कॅमेरनवरून फ्लॅगस्टाफ आणि तेथून फिनिक्स.

या वाटेवर आणि त्या मनोऱ्याच्या परिसरात मोबाइलच्या घड्याळावर विसंबू नका. अॅरिझोना राज्यात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करीत नाहीत, परंतु शेजारच्या नवाहो लोकांच्या प्रदेशात करतात, आणि ऑक्टोबरात तो फरक अजून चालू असतो. फोनने तिकडच्या मोबाइल टॉवरचा संकेत पकडला की वेळ एक तास पुढे उडी मारते. मनगटावर साधे घड्याळ बांधा, ते फिनिक्सला लावा आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत हात लावू नका. जावयांनाही भेटीची जागा व्हिजिटर सेंटर न सांगता आपल्या निवासस्थानाचे दार सांगा, कारण शनिवारी सकाळी दहानंतर व्हिजिटर सेंटरजवळ गाडी लावायला जागा मिळणे अवघड असते आणि काकूंना त्या गर्दीत बॅगेसह उभे ठेवण्याचे काही कारण नाही.